व्याकरण पाठ आहे, तरी बोलणं पुस्तकी वाटतं. पुढचा सराव कसा करायचा?

गिरणाकाठ
मंडळी, मी जळगावात परदेशी कंपन्यांचे हिशेब बघणाऱ्या एका ऑफिसात आहे. शाळा पारोळा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. व्याकरण मात्र मला पहिल्यापासून आवडायचं. पॅसिव्ह करा, इनडायरेक्ट करा, 'नो सूनर दॅन' वापरून वाक्य फिरवा, आजही झोपेतून उठवून विचारा.
अडचण बोलण्यात येते. चुका फारशा होत नाहीत, पण समोरचा साहेब तीन शब्दांत जे उडवून लावतो ते मी तीन ओळींत सांगतो. माझे ईमेल शाळेच्या निबंधासारखे वाटतात, असं टीममधल्या पोरी म्हणतात. क्लासमध्ये चौकशी केली तर 'माय नेम इज'पासून सुरुवात! मला वरच्या पायरीचं व्याकरण आणि रोजच्या वापरातलं इंग्रजी, दोन्हींचा सराव हवाय. कुणी केलाय का? नेमकं काय केलं ते सांगा. 'इंग्रजी सिनेमे बघ' हा सल्ला मिळून झालाय.

शेवभाजी
इंग्रजी सिनेमे बघ.

शेवभाजी
गंमत केली भो. वाचतोय.

केळीबाग_रावेर
भाऊ, माझं मत जरा उलटं आहे. आमची केळी आखातात जाते. तिकडचा खरेदीदार अरब, त्याचा मॅनेजर केरळचा, बंदरावरचा माणूस फिलिपिन्सचा आणि मी रावेरचा. चौघांचंही इंग्रजी आपापलं. तिथं 'काइंडली डू द नीडफुल' बिनबोभाट चालतं, उलट एखाद्याने फार लंडनछाप लिहिलं तर मॅनेजर फोन करून विचारतो, भाई, क्या बोलना है? माल वेळेत, पेटीतलं वजन बरोबर, तापमान 13-14 अंशाला राखलेलं, एवढं स्वच्छ कळलं की झालं. तुमचं इंग्रजी नक्की ऐकतंय कोण, हे आधी ठरवा. नाहीतर उगाच जिवाला घोर.

माहेर_अमळनेर
केळीबाग दादांचा मुद्दा अर्धा पटला. ऐकणारा कोण हे बघायचंच. पण गिरणाकाठ दादांचे साहेब लोक ब्रिटिश-अमेरिकन असणार, आणि तिथे एक गोष्ट नडते, ती म्हणजे सूर. मी पुण्यात सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिते, दुसऱ्यांचे ईमेल सुधारून देणं हेही कामच आहे. आपल्याकडचा नेहमीचा नमुना घ्या:
'यू हॅव नॉट सेंट द इन्व्हॉइसेस. सेंड देम टुडे ओन्ली.'
व्याकरणाची चूक म्हणावी अशी एकच: ते 'ओन्ली' म्हणजे आपला 'आजच'मधला 'च' चिकटवलेला आहे. पण वाचणाऱ्याला वाटतं, आपल्याला दम दिला. तेच असं लिहा:
'आय डोन्ट सीम टू हॅव द मार्च इन्व्हॉइसेस. कुड यू सेंड देम ओव्हर बाय द एन्ड ऑफ द डे?'
'सीम' टाकल्यावर दोष समोरच्यावर जात नाही. चूक कदाचित माझ्याच इनबॉक्सची असेल, अशी फट राहते. इथं एकही अवघड शब्द नाही, म्हणींची यादी नाही. याला मी वरच्या पायरीचं व्याकरण म्हणते.
दुसरं म्हणजे काळ. शाळेत काळ शिकवला तो घड्याळासाठी: काल, आज, उद्या. रोजच्या इंग्रजीत भूतकाळ अंतर राखायलाही वापरतात. 'आय वॉन्ट टू आस्क'पेक्षा 'आय वॉन्टेड टू आस्क' मऊ, आणि 'आय वॉज वंडरिंग इफ यू कुड' त्याहून मऊ. विचारणं आत्ता चाललंय, तरी क्रियापद भूतकाळात. हे आपल्याला परकं थोडंच आहे? शेजारच्या काकू दारात येऊन काय म्हणतात? 'म्हटलं, जरा विरजण मिळतं का बघावं.' 'एक विचारायचं होतं.' मराठीत ही खुबी आपण रोज वापरतो, इंग्रजीत गेलो की हुकूम सोडतो.
सराव म्हणाल तर, पाठवलेले जुने ईमेल काढा आणि प्रत्येकात फक्त मागणीचं वाक्य तीन प्रकारे लिहा: हाताखालच्या माणसाला, बरोबरीच्याला, मोठ्या ग्राहकाला. व्याकरण आपोआप घोटलं जातं, कारण फरक सगळा वुड, कुड, माइट आणि काळाचाच असतो.

निवृत्त_मास्तर
नमस्कार. चोपड्याकडे इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. वाक्य फिरवण्याच्या सरावाला इथे नावं ठेवली जाणार हे दिसतंय, म्हणून आधीच बोलतो. 'डू ॲज डायरेक्टेड' हा प्रश्न परीक्षेत होता म्हणून आम्ही शिकवला, खरं आहे. पण ज्याने 'अनलेस' आणि 'इफ नॉट' शंभरदा उलटसुलट केलंय त्याची जीभ बोलताना अडखळत नाही. तालमीत जोर मारल्याशिवाय कुस्ती येत नाही. दोष सरावात नाही, वाक्य दुसऱ्याचं असतं त्यात आहे. पुस्तकातला तो राम आंबा खातो, आणि मग रामकडून आंबा खाल्ला जातो. कुणाच्या जन्मात कुणी असं बोललंय?
वाक्यं स्वतःच्या घरची घ्या. 'इफ आय हॅड टेकन सायन्स, आय वुड बी इन पुणे नाउ.' अट भूतकाळातली, परिणाम आजचा. याला मिश्र कंडिशनल म्हणतात आणि भल्याभल्यांचं इथे घसरतं, दोन्हीकडे 'वुड हॅव' ठोकून देतात. स्वतःच्या आयुष्यातल्या हुकलेल्या गोष्टींची अशी दहा वाक्यं लिहा. विषय कमी पडणार नाहीत.
आणखी एक जुनी रीत सांगतो. अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी इंग्रजी गद्य सुधारायला हेच करत असे. चांगला लेख घ्यायचा, प्रत्येक वाक्याचा आशय एकदोन शब्दांत टिपायचा, काही दिवस बाजूला ठेवायचं, मग टिपणावरून लेख पुन्हा आपल्या शब्दांत लिहायचा आणि मूळाशी ताडून बघायचा. फरक पडेल तिथे आपलं उणं दिसतं. मास्तर लागत नाही, फी लागत नाही.

शेवभाजी
मास्तर, रामकडून आंबा खाल्ला गेला म्हणूनच भाव वाढलेत.
सूर वरून आठवलं. आमच्या मित्राला परदेशी पाहुण्याने विचारलं, 'वुड यू माइंड इफ आय सॅट हिअर?' हा खानदेशी पाहुणचाराने भरभरून म्हणाला, 'येस! येस!' पाहुणा बिचारा उभाच.

माहेर_अमळनेर
शेवभाजी :)) 'माइंड'च्या प्रश्नाला संमती द्यायची तर उत्तर 'नो, नॉट ॲट ऑल'. आणि 'आय सॅट'मध्ये पुन्हा तोच मऊ भूतकाळ बघा.

भुसावळ_जंक्शन
मी रेल्वेत गार्ड होतो. 2022 पासून त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, आम्ही गार्ड म्हणूनच निवृत्त झालो. आमचं कामाचं इंग्रजी सगळं ठरलेलं होतं. 'लाइन क्लिअर', 'कॉशन ऑर्डर', 'ट्रेन आउट ऑफ सेक्शन'. शब्द जुळवायचेच नाहीत, आख्खं वाक्य तोंडात बसलेलं. म्हणून रात्री तीन वाजता पेंगत असतानाही चूक होत नसे. दहावी नापास माणूसही ते बिनचूक बोलायचा.
माझं म्हणणं असं की रोजचं इंग्रजीही साहेब लोक असंच आख्खं उचलतात. रेल्वे कॉलनीत आमच्या शेजारी अँग्लो-इंडियन कुटुंब होतं. त्यांच्या घरात दिवसभर तीच तीच वाक्यं: 'इट स्लिप्ड माय माइंड', 'आय वॉज जस्ट अबाउट टू', 'नॉट दॅट आय नो ऑफ', 'यू माइट ॲज वेल'. शेवटच्याचं व्याकरण मला आजही फोडून सांगता येणार नाही, पण कुठे वापरायचं ते बरोबर कळतं. पोराला सोडायला स्टेशनात आलोच आहोत तर चहा घेऊनच जाऊ, अशा वेळी 'वी माइट ॲज वेल हॅव टी'.

निवृत्त_मास्तर
जंक्शन साहेब, फोडून मी सांगतो. 'माइट ॲज वेल' म्हणजे दुसरं काही बरं करण्यासारखं नाही, तेव्हा हे केलं तरी नुकसान नाही. पुढे क्रियापद मूळ रूपात. तुमचं चहाचं उदाहरण चोख आहे.

अहिर_धुळे
भाऊस्वन, आते काय सांगू! मन्हं इंग्रजी आयकीसन सायेब हासना.
मराठीत सांगतो. मी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' असंच बोलायचो. माझ्या मते हा आपल्या अहिराणीचा परिणाम. आपण सारखं 'मी जाई ऱ्हायनू', 'तू काय करी ऱ्हायना' करतो, म्हणून इंग्रजीतही जिथे तिथे 'आयएनजी'.

माहेर_अमळनेर
दादा, अहिराणीला बोल लावू नका. चेन्नईचा, कोलकात्याचा माणूसही 'आय ॲम हॅविंग अ डाउट' म्हणतो. ही देशभरची सवय आहे. नो, अंडरस्टँड, बिलॉन्ग, ओन ही क्रियापदं स्थिती सांगतात, कृती नाही, म्हणून त्यांना सहसा 'आयएनजी' लागत नाही. 'हॅव'चं दोन्हीकडे चालतं: मालकी असेल तर नाही, खाणंपिणं किंवा अनुभव असेल तर हो.

भुसावळ_जंक्शन
अगदी. शेजारची बाई 'आय ॲम हॅविंग टी' रोज म्हणायची, 'आय ॲम हॅविंग टू सन्स' कधीच नाही.

केळीबाग_रावेर
आणि एक दुरुस्ती. 'आपली अहिराणी' धुळ्याकडे. रावेर-यावलकडे आमची लेवा गणबोली आहे भो. सगळ्या खानदेशाला एकाच टोपलीत नका टाकू.

अहिर_धुळे
मान्य. तुम्ही भरीत करा, आम्ही मांडे.

तोरणमाळ
विषय निघालाच आहे तर, आपले भालचंद्र नेमाडे यावल तालुक्यातल्या सांगवीचे. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, लंडनला विद्यापीठात शिकवून आले, आणि इंग्रजीच्या वर्चस्वावर सगळ्यात कडाडून बोलतात तेच. गिरणाकाठ, मला प्रश्न पडतो की साहेबासारखं बोलण्याची हौस कशाला? 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आणलं, तरी पोरांना धड मराठी पत्र लिहिता येत नाही.

निवृत्त_मास्तर
नेमाडे सरांचा विरोध वर्चस्वाला आहे, विषय नीट शिकण्याला नाही. अर्धवट इंग्रजीने कुणाची मराठी सुधारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

केळीबाग_रावेर
धागा नेमाडे सरांवर गेला की परत येत नाही, अनुभव आहे. मूळ विषयावर या.

सातपुडा_नर्स
येते मूळ विषयावर. मी शहाद्याची, नर्सिंग झालंय, बाहेर जायचं म्हणून आयल्ट्सची, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेची, तयारी करतेय. त्याच्या बोलण्याच्या परीक्षेत 11 ते 14 मिनिटं समोरासमोर बोलावं लागतं. मधल्या भागात एक कार्ड देतात, मिनिटभर विचार करायचा आणि दोन मिनिटांपर्यंत एकटीने बोलायचं. गुण चार गोष्टींना समान: ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. व्याकरणात नुसतं बरोबर असून भागत नाही, रचनांची विविधताही बघतात. क्लासवाल्यांनी त्यावर 200 म्हणींची यादी दिलीय: 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', 'वन्स इन अ ब्लू मून' वगैरे. त्या कोंबून बोलले की माझं मलाच नाटकी वाटतं. पाठ करू का नको?

माहेर_अमळनेर
ताई, यादी बाजूला ठेवा. 'कॅट्स अँड डॉग्ज' पुस्तकांत भेटते, रोजच्या तोंडी क्वचित. 'इट्स पोअरिंग' म्हटलं की झालं. वाटल्यास स्वतः पडताळा: ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये (कॉर्पस म्हणजे खऱ्या वापरातल्या भाषेचा साठा) 10 कोटी शब्द साठवलेत, त्यात खरी बोललेली संभाषणंही आहेत. कोका या तशाच अमेरिकन साठ्यात 100 कोटी, 1990 ते 2019 चे. दोन्ही ऑनलाइन शोधता येतात. एखादी रचना टाकायची आणि खरी माणसं ती किती वेळा, कुठल्या शब्दांसोबत वापरतात ते बघायचं. 'हेवी रेन' भरपूर, 'स्ट्राँग रेन' किरकोळ. 'डिस्कस द प्लॅन' सगळीकडे, आपलं 'डिस्कस अबाउट' जवळपास नाहीच. मला शब्दकोशापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.
तुम्ही नर्स आहात तर तुमचं सोनं वेगळंच आहे: 'शी'ज कमिंग राउंड' (शुद्धीवर येतेय), 'ही'ज बीन थ्रोइंग अप', 'द स्वेलिंग हॅज गॉन डाउन'. वॉर्डात ही जोडक्रियापदंच चालतात. 'व्हॉमिटिंग' फाइलमध्ये लिहितात, पेशंटची आई 'थ्रोइंग अप'च म्हणते. ती कळली नाहीत तर परीक्षेच्या पलीकडे, कामावर अडचण होईल.

निवृत्त_मास्तर
नर्स ताईंसाठी आर्टिकलचाही एक मुद्दा. पेशंट म्हणून भरती असेल तर ब्रिटिश म्हणतात 'शी इज इन हॉस्पिटल', 'द' नाही. भेटायला गेलेला माणूस 'ॲट द हॉस्पिटल'. अमेरिकेत दोन्हीकडे 'द'. मराठीत आर्टिकलच नाहीत, त्यामुळे आपलं हे शेवटपर्यंत कच्चं राहतं, नियम पाठ असले तरी. यावर माझा एकच उपाय: इंग्रजी पेपरातला एक परिच्छेद वहीत उतरवा, पण ए, ॲन, द गाळून. जागाही मोकळी सोडायची नाही, नाहीतर डोळ्याला कळतं. दोन दिवसांनी भरा आणि कात्रणाशी ताडा. जिथे काहीच नको तिथे आपण 'द' घुसवतो, हे पहिल्याच दिवशी दिसेल.

शेवभाजी
एवढं सगळं कशाला? मोबाइलवर एआयला सांगा, सुधारून दे.

गिरणाकाठ
ते करून बसलोय. सुधारून देतो, पण सगळ्यांचे ईमेल एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसायला लागले. फोनवर बोलताना तो नसतोच. एका कामाला मात्र छान आहे: 'सुधारू नकोस, फक्त चूक असलेल्या ओळीखाली खूण कर' असं सांगितलं की शोधायचं काम आपल्याकडे राहतं.
बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. माहेर ताईंचा तीन सुरांचा सराव सुरू केलाय. जंक्शन काकांचं ऐकून आख्खी वाक्यं वेगळ्या वहीत लिहितो, कोण कुणाला कधी म्हणालं त्यासकट. त्यातून एक शंका आली. साहेब परवा म्हणाला, 'यू नीडन्ट हॅव कम इन'. मी तर 'डिडन्ट नीड टू' म्हटलं असतं. फरक आहे का?

माहेर_अमळनेर
आहे, आणि छान आहे. 'नीडन्ट हॅव कम' म्हणजे तुम्ही आलात, पण यायची गरज नव्हती. 'डिडन्ट नीड टू कम'मध्ये गरज नव्हती एवढंच कळतं, आलात की नाही ते गुलदस्त्यात. अमेरिकन मंडळी पहिलं फारसं वापरत नाहीत, दोन्हीकडे दुसरंच चालवतात. तुमचा साहेब ब्रिटिश दिसतोय.

गिरणाकाठ
मँचेस्टरचा. आणि मी सुट्टीच्या दिवशी खरंच ऑफिसात गेलो होतो.

अहिर_धुळे
तरी सायेब चहा पाजना का नही?

सातपुडा_नर्स
मला एक हवंय. एकटीने आरशासमोर बोलून कंटाळा आला. इथल्या कुणाला आठवड्यातून एकदा फोनवर कार्डाचा सराव करायचा आहे का? दोन मिनिटं मी, दोन मिनिटं तुम्ही, मग एकमेकांच्या चुका. पण एका वेळी एकाच प्रकारच्या चुका पकडायच्या, सगळ्या सांगितल्या की तोंडच बंद होतं.

गिरणाकाठ
मी तयार. गुरुवारी नऊनंतर मोकळा असतो.

केळीबाग_रावेर
मलाही घ्या. मी रावेरचंच इंग्रजी बोलणार, पण टॅग प्रश्नांचं शिकायचंय. माझं सगळीकडे 'इझन्ट इट' होतं. 'यू आर सेंडिंग द कंटेनर, इझन्ट इट?' मॅनेजर हसत नाही, तोही तेच बोलतो.

निवृत्त_मास्तर
'आरन्ट यू?' म्हणायचं. आणि खरंच विचारायचं असेल तर शेवटी सूर वर, नुसती खात्री करायची असेल तर खाली. आपला 'ना' दोन्ही कामं एकटा करतो म्हणून आपण 'इझन्ट इट'ला धरून बसतो.
पहिल्या गुरुवारचं कार्ड मी देतो: 'अ टाइम व्हेन यू हॅड टू वेट फॉर समथिंग.' मिनिटभर तयारी, दोन मिनिटं बोलणं. फक्त 'युज्ड टू' आणि साधा भूतकाळ यांच्याच चुका पकडायच्या. 'व्हेरी' शब्दाला बंदी.

केळीबाग_रावेर
कंटेनरची वाट बघण्यावर मी दोन तास बोलू शकतो मास्तर. 'व्हेरी' शिवाय कठीण आहे.